बेसवाला पळतोय

पडली हो. पडली म्हणजे — हातातून निसटली, खाली फरशी, झालं काम. ते भिंग जरा बाजूला ठेवा ना मिस्त्री, एवढं काय निरखताय, तडा तर आंधळ्यालाही दिसेल. खालची कड फुटलीय, पाठ उघडलीय, आतली एक पट्टी सुटलीय. मान शाबूत आहे. मान शाबूत तर गिटार जिवंत, हे मला नका सांगू, चव्वेचाळीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. डिंक लावा, शिकंजे आवळा, शनिवारपर्यंत वाळली पाहिजे — शनिवारी माझा कार्यक्रम आहे, सहाशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. आज मंगळवार. होईल की नाही? — काय म्हणालात? फरशीवर पडली तर कड अशी आत दबत नाही? अहो, पडताना टेबलाची कड लागली असेल. असेल म्हणजे लागलीच, मी होतो ना तिथे. तुम्ही काय लाकडाचे डॉक्टर झालात का? काढा मग एक्स-रे.

तुमच्याकडे पहिल्यांदाच येतोय, खरंय. माझा नेहमीचा माणूस गावाला गेलाय. — बरं, नाही गेला, दुकानातच बसलाय, पण त्याला सतरा प्रश्न असतात, आणि तो पडला ढोल्याचा दोस्त. ढोल्या म्हणजे माझा ड्रमवाला. बेचाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसतोय. खरं नाव मला त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत कळलं, आणि ते मी विसरलो. हो, तोच, दवाखान्यात आहे तो. कुठे ऐकलंत? पायरीवरून पडला. — हो, तोही पडला. ह्या आठवड्यात सगळंच पडतंय, काय करणार. डोक्याला मार, डाव्या बाजूला, आत रक्त साकळलं होतं, ते काढलं. जीव वाचला. पण बोलणं गेलं, आणि उजवा हात हलत नाही. बोटसुद्धा नाही. कळतं सगळं, ऐकू येतं, नुसतं बघत पडून राहतो. डॉक्टर म्हणतात, पहिल्या आठवड्यात हात हलला तर हलला, पुढचं सांगता येत नाही. आज पाचवा दिवस. ड्रमवाल्याचा उजवा हात आहे हो तो. जेवताना, दाढी करताना, इथे येताना — माझ्या डोक्यात तेवढंच चालू आहे, हलू दे, एक बोट हलू दे. दुसरं काही मागत नाही मी.

मी मूळचा बेसवाला, बेस गिटार वाजवणारा. ही गिटार घेऊन गाणारा मी नंतरचा, लोकांना तोच माहीत — खुर्चीवर बसलेला, मान खाली, हळू आवाजात गाणारा शांत माणूस. पेपरात तसंच छापतात, शांत माणूस. बेस कुणाच्या गळ्यात घालतात माहीत आहे का? चार पोरं जमतात, तिघांना काही ना काही येत असतं, उरलेल्याला बेस. मी उरलेला. सतरा वर्षांचा. चार जाड तारा, आणि वजन असं की खांद्याला घट्टा पडला, हा बघा, अजून आहे. बेस कुणाला नीट ऐकू येत नाही, पोटात कळतो. थांबवला की लोकांना काहीतरी गेल्यासारखं वाटतं, काय गेलं ते सांगता येत नाही. आमचं काम एकच, ठेका सांभाळायचा. गाणारा नाचेल, गिटारवाला केस उडवेल, बेसवाल्यानं ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर नजर ठेवून मुकाट उभं राहायचं. त्याचा पाय आणि माझं बोट एकदम पडलं पाहिजे, मध्ये कागद सरकता कामा नये. बेसवाल्याला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो हसेल. पळतोस म्हणू नका. पळणं म्हणजे ठेक्याच्या पुढे जाणं, गाण्याला घाई करणं. आमच्यात ती आईवरून दिलेली शिवी आहे.

आणि वाजवायचो कुठे? गोदामात, हॉटेलांच्या तळघरात, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. लोक पिऊन यायचे, दुसऱ्या गाण्याला पहिली बाटली यायची स्टेजवर. एकदा एक दांडगा वर चढला आणि ढोल्याच्या तोंडावर थुंकला. ढोल्या वाजवतच राहिला — तो तसाच — थुंकी गालावरून ओघळतेय आणि ह्याचे दोन्ही हात चालू. मी बेस गळ्यातून काढला, उलटा धरला आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणला. तीन दात. एक माझ्या बुटाच्या लेसमध्ये सापडला दुसऱ्या दिवशी. बेस परत गळ्यात घातला आणि त्याच गाण्याचं शेवटचं कडवं वाजवलं, तारा सुरात होत्या अजून, काय लाकूड होतं ते. लोक वेडे झाले. तेव्हापासून माणसं मला बघायला यायला लागली, म्हणजे हा आज कुणाला मारतो ते बघायला. मीही कुणाला रिकाम्या हातानं परत नाही पाठवलं. एका आवाजवाल्याला त्याच्याच वायरीनं गळफास घालत होतो, कारण त्यानं माझा आवाज बारीक ठेवला. आवडायचं मला, खोटं कशाला बोलू? एक सणसणीत बसली की डोकं कसं स्वच्छ व्हायचं, अंघोळ करून आल्यासारखं.

आमच्यात गायचा तो राजे. राजे हे आम्ही पाडलेलं नाव, खिशात कायम कंगवा, पाण्याचा ग्लास सुद्धा दुसऱ्यानं आणून द्यायचा. चौदा वर्षं काढली त्याच्याबरोबर. एक दिवस भर कार्यक्रमात, माइकमध्ये, म्हणाला, 'आमचा बेसवाला पळतोय, धरा रे त्याला कुणीतरी.' लोक हसले. दोन हजार माणसं हसली मिस्त्री. मी पण हसलो. पूर्ण वाजवलं, वाकून नमस्कार केला. नंतर मागच्या बाजूला, सामान चढवायचा उतार असतो ना, तिथे त्याला गाठलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. खाली पडल्यावरसुद्धा मी — जाऊ दे ते. ढोल्यानं मागून कवळ घालून धरलं म्हणून राजे वाचला. दीड महिना नळीनं दूध पीत होता. पुन्हा गायला नाही कधी. एकदोनदा उभा राहिला, पण तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेनात नीट. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण म्हटलं, त्यानं खोटं कशाला बोलावं.

बँड मोडला. मुलाखतीत मी सांगतो, विजेच्या आवाजाचा कंटाळा आला होता, मला लाकडाचा आवाज हवा होता. ऐकायला बरं वाटतं. खरं म्हणजे माझ्या शेजारी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. एकटा बेसवाला काय वाजवणार, डोंबल? चार माणसं असतील तरच त्या वाद्याला अर्थ. म्हणून ही घेतली. आणि राजेच्या जबड्यानंतर सहा आठवड्यांनी, घरात भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तेव्हा गाणं आलं. पहिलं. माफी मागणारं. शब्द चालीसकट आले, मला काही करावंच लागलं नाही. लोक ऐकून रडले. त्यांना वाटलं, प्रेयसीला म्हटलंय. मग ढोल्या आला, ड्रम माळ्यावर टाकून आला, म्हणाला, एकटा कशाला बसतोस, मी येतो. एक लाकडी खोका घेऊन आला — त्याच्यावरच बसायचं आणि दोन पायांच्या मध्ये तळहातांनी वाजवायचं. तेव्हापासून आम्ही दोघंच. अठ्ठावीस वर्षं.

पण दुसरं गाणं येईना. वर्ष गेलं, नाही. मग बायकोची बोटं दारात सापडली. — सापडली म्हणजे दार मी लावलं. ती मला जाऊ देत नव्हती, मध्ये हात घालून उभी, मी लावलं. दोन बोटं. तिसऱ्या दिवशी गाणं. ते तुम्ही ऐकलंय, ऐकलंच असणार, 'तुझ्या बोटांची सकाळ', लोक लग्नात लावतात. बायको निघून गेली, ते गाणं अजून चालू आहे. थोरल्या भावाला जिन्यात ढकललं, त्यावरही एक आहे. एकदा कार्यक्रमानंतर एक बाई भेटायला आली, डोळे भरलेले, म्हणाली, तुमचं गाणं ऐकलं आणि मी नवऱ्याला माफ केलं, परत गेले त्याच्याकडे. मनगटावर निळा वळ होता तिच्या. मी तिच्या वहीवर सही करून दिली. काय करायला हवं होतं, तुम्ही सांगा? ढोल्याला माहीत होतं सगळं. मी नवं गाणं ऐकवलं की तो वाहवा करायचा नाही, आधी विचारायचा, 'कुणाला लागलं?'

ते काय काढताय चिमट्यानं? दाखवा. केस आहे. माझाच असेल. — हसू नका, टक्कल आत्ता पडलंय, पूर्वीचा असेल. पांढरा आहे, हो, दिसतंय मला. आणि ते काळपट आहे ते पॉलिश. पॉलिश आहे म्हणतो ना. — बरं. बसा. उभे नका राहू असे, मला उभ्या माणसाशी बोलता येत नाही. दार लावू का? नको? राहू दे मग.

शुक्रवारी दुपारी ढोल्याकडे गेलो. घरामागे तीन पायऱ्या उतरून एक खोली आहे, तिथे आमची तालीम. वहिनी — त्याची बायको — वर स्वयंपाकघरात. मी सांगायलाच गेलो होतो की पुढच्या शनिवारी तू नको, दुसरा माणूस बघितलाय. कारण गेली काही वर्षं तो मागे पडत होता. मला जाणवायचं ना, थाप उशिरा यायची, गाणं ओढत न्यावं लागायचं. वय झालं, त्यात लाज कसली. नीट समजावून सांगितलं, आवाजसुद्धा नाही चढवला. तो उठला, कपाटातून रेकॉर्डर काढला — आमची प्रत्येक तालीम तो टिपून ठेवायचा, मला वाटायचं हौस आहे. शेजारी ठोक्याचं यंत्र ठेवलं, टक टक टक, आणि माझं एक जुनं गाणं लावलं, मी एकटाच वाजवतोय असं. पहिलं कडवं ठोक्यावर. दुसऱ्यात मी पुढे. तिसऱ्यात यंत्र कुठे आणि मी कुठे. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय तुझं. त्यानं दुसरं गाणं लावलं. मग आणखी एक लावलं. आणि मग — बेचाळीस वर्षांत हा माणूस मला उलट शब्द बोललेला नाही — म्हणाला, 'मी मागे नाही पडत रे. तू पळतोस. पहिल्यापासून पळतोस, मी तुझ्या मागनं येतो आणि लोकांना कळू देत नाही. आता धाप लागते मला. राजे खरं बोलला होता.'

राजेचं नाव काढलं नसतं तर कदाचित — नाही. तरी मारलं असतं. गिटार मानेला धरली आणि फिरवली, कुऱ्हाड फिरवतात तशी. त्याच्या डाव्या कानाच्या वर बसली. सगळ्या तारा एकदम वाजल्या, तो आवाज जात नाही कानातून. खोक्यावरून खाली गेला तो, हात सुद्धा नाही टेकला. आणि मी काय केलं सांगू? आधी गिटार पेटीत ठेवली. पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. पेटी भिंतीला उभी केली. मग वहिनींना हाक मारली. पायरीवरून पडला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, पायरीवरून पडलात का? त्यानं माझ्याकडे बघितलं — वहिनी तिथेच उभ्या — आणि मान हलवली, हो म्हणून. बोलता येत नव्हतं, तरी मला सांभाळून घेतलं त्यानं. आणि काल, दवाखान्यात त्याच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलो होतो, तर गाणं आलं. हे सांगायचं नव्हतं मला. पण आलं. असं गाणं उभ्या जन्मात आलं नव्हतं, मिस्त्री. शनिवारी म्हणायचंय ते, म्हणून ही घाई. दुसरी गिटार घेऊन म्हणता येईल, पण मला हीच हवी.

असे काय बघताय? तुम्हालाही वाटतंय ना मी पळतो म्हणून? वाटतंय. तोंडावर दिसतंय. त्या फळीवर ठोक्याचा डबा आहे तो चालतो का? द्या इकडे. आणि भिंतीवरची कुठलीही एक गिटार द्या, हीच द्या. नवं गाणंच वाजवतो. पहिले चार ठोके ऐकू द्या, मग आवाज दाबा, मी बोट वर केलं की सोडा. एकदाचा निकाल लागू दे. हं. एक, दोन, तीन —

— सोडा आवाज.

तुम्ही बटण हलवलंत. वेग बदललात, मी बघितलं. पुन्हा. डबा असा मध्ये ठेवा, हात मागे घ्या.

— सोडा.

पुन्हा.

— तू हसलास? नाही, हसलास तू. लाकडाला डिंक फासणारा माणूस तू, तू मला ठेका शिकवणार? ह्या हातानं मी भल्याभल्यांची — काय वाजवलंय तू आयुष्यात? बोल ना, ततपप काय करतोस, बोल!

सोडली. सोडली कॉलर. ती पटाशी खाली ठेवा, मी काही करत नाही. हे बघा, हात खिशात. बटण तुटलं वाटतं तुमचं, ते बघा तिथे गेलंय, पायाशी. माफ करा. तीनदा वाजवलं आणि तिन्ही वेळा — पाव कडव्यानं पुढे होतो ना मी? शेवटी तर जास्तच. मला वाजवताना काही कळत नाही हो, मला वाटतं मी अगदी बरोबर मध्ये आहे. एक विचारू? मघाशी मी वाजवत होतो तेव्हा तुमचं बोट टेबलावर पडत होतं. बरोबर पडत होतं, मी बघितलं. शनिवारी याल का? नुसतं शेजारी बसायचं, मी पुढे गेलो की जरा — नाही. बरं. ऐकलं मी. नाही म्हटलेलं कळतं मला.

फोन कुठे गेला माझा? ढोल्याला सांगायला पाहिजे. आत्ताच, कारण खाली रस्त्यावर उतरेपर्यंत मी काहीतरी सबब काढीन, मी ओळखतो मला. — हॅलो, वहिनी? मी बोलतोय. जेवलात का काही? ... आणि हात? ... नाही. बरं. बरं. वहिनी, त्याच्या कानाला लावा जरा. त्याला बोलता येत नाही ते माहीत आहे हो, मीच बोलणार आहे, त्याला नुसतं ऐकू दे. ... ढोल्या. मी रे. मी पळत होतो. आत्ता यंत्र लावून बघितलं, तीनदा बघितलं. तू बरोबर होतास. राजे पण बरोबर होता. ऐकतोयस ना? तू इतकी वर्षं कसा रे — आणि मी तुला — वहिनींना मी सांगतो, डॉक्टरांनाही सांगतो, तू मान हलवायची गरज नाही आता. आणि आणखी एक, ढोल्या, गाणं आलंय. तुझ्यावर. तुला ऐकवायचंय, शनिवारी म्हणतोय मी ते, लोक बघ कसे — हॅलो? ढोल्या?

फोन पडला. नाही, थांबा, पडला नाही, त्यानं झटकला. ऐकलंत का तुम्ही? वहिनी मागून ओरडत होत्या, अहो हात, उजवा हात, डॉक्टरांना बोलवा कुणीतरी, असं. रडत होत्या का हसत होत्या कळलं नाही. मग बंद झाला. उजवा म्हणाल्या त्या. नक्की उजवा म्हणाल्या. हात हलला त्याचा, मिस्त्री. पाच दिवसांत पहिल्यांदा हलला.

पळत होतो म्हटलं तेव्हा ऐकत होता. राजेचं सांगितलं तेव्हाही ऐकत होता, श्वास येत होता मला ऐकू. गाण्याचं नाव काढलं, तेव्हा झटकला.

नाही उचलत आता. वाजतोय नुसता.

राहू दे ती. डिंक नको, काही नको, जोडायची नाही. तुम्ही आत जा मिस्त्री. जा ना आत.